‘चिडला’ असं लिहू नका: लहान मुलांच्या निरीक्षणाबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि आसपासच्या अंगणवाड्या-बालवाड्यांमध्ये आमची चार-पाच जणांची टीम वह्या घेऊन बसते. त्यामुळे तीन प्रकारची माणसं आम्हाला प्रश्न विचारतात: प्रबंधाची तारीख जवळ आलेले एम.ए.चे विद्यार्थी, अंगणवाडी सेविका आणि आई-बाबा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

तुम्ही नक्की करता काय? मुलं खेळतात, तुम्ही बघता, एवढंच ना?

जवळजवळ एवढंच. फक्त कुणाकडे बघायचं, किती वेळ बघायचं, काय दिसलं की कोणती खूण करायची, हे आधी ठरलेलं असतं, आणि ते ठरवणारा माणूस बसणाऱ्यापेक्षा शक्यतो वेगळा असतो. एका सेविकाताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “आम्ही दिवसभर हेच बघतो, आमचा पगार कुठंय?” त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

निरीक्षण आणि कोडिंग यात फरक काय?

निरीक्षण म्हणजे समोर घडतंय ते टिपणं. कोडिंग म्हणजे टिपलेल्या वागण्याला ठरलेल्या यादीतली खूण लावणं, म्हणजे ते मोजता येतं. “गणूने सोनूच्या हातातली गाडी ओढली” हे निरीक्षण झालं. आमच्या यादीत त्याला ‘व१’ म्हणतात, ‘दुसऱ्याच्या हातातली वस्तू न मागता घेणे’. शंभर ठिकाणचे व१ गोळा झाले की मग विचारता येतं: वस्तू कमी असल्या की व१ वाढतात का? वय वाढलं की कमी होतात का? वर्णनाच्या वहीवरून हे प्रश्न विचारायला गेलं की आपल्याला जे आठवतं तेच उत्तर म्हणून येतं, आणि आठवतात ती भांडणं. शांतपणे गाडी देऊन टाकणारी मुलं कुणाला आठवत नाहीत.

‘चिडला’, ‘हट्ट केला’, ‘रुसली’ असं लिहिलं तर तुम्ही खोडता का?

खोडते. का, ते सांगायला थोडी जागा लागेल.

एक प्रसंग. वस्तीतली अंगणवाडी, सकाळचे साडेदहा, खिचडी अजून शिजतेय. सतरंजीवर ठोकळे पसरलेले. चार वर्षांचा एक मुलगा (आमच्या कागदावर तो फक्त ०७) लाल ठोकळा धरून बसलाय. ११ नंबरची मुलगी येते आणि ठोकळा ओढते. तो सोडत नाही. ती हात काढते, दोन पावलं मागे जाते, भिंतीला पाठ लावून उभी राहते. हनुवटी छातीला, खालचा ओठ पुढे. तो एकदा मान वर करून बघतो, आपल्या मनोऱ्यावर निळा ठोकळा ठेवतो, आणि मग लाल ठोकळा न बघताच तिच्या पायाकडे सरकवतो. ती हलत नाही. मदतनीस ताई ताटल्या घेऊन येतात आणि सगळं संपतं.

त्या दिवशी प्रशिक्षणाला आलेल्या तिघांच्या वह्या मी नंतर शेजारी ठेवल्या. एकीने लिहिलं होतं, ‘मुलीने दादागिरी केली’. दुसरीने, ‘मुलगी रुसली’. तिसऱ्याने, ‘मुलगा समंजस वाटला’. तिघांनाही खोटं म्हणता येणार नाही. पण लाल ठोकळा सरकवल्याची नोंद एकाच वहीत होती, तीही समासात, बाण काढून. त्या पाऊण मिनिटातली सगळ्यात मोठी गोष्ट समासात गेली, कारण निकाल आधीच लिहून झाला होता.

आपल्या भाषेची यात अडचण अशी की मुलांसाठीचे तिचे शब्द फार नेमके आणि फार मायेचे आहेत. हट्ट, खोडी, लाडीगोडी, कांगावा, रुसवा. प्रत्येक शब्दात न्यायाधीश आधीच बसलेला. दुपारी एक वाजता दमलेल्या मोठ्या माणसाला सगळी मुलं हट्टी दिसतात, आणि तेच वागणं सकाळी ‘चिकाटी’ असतं. म्हणून आमच्याकडे हट्ट म्हणजे ‘नकार मिळाल्यानंतर ३० सेकंदांत तीच मागणी, शब्दांनी किंवा बोट दाखवून, दोन किंवा अधिक वेळा’. रुक्ष आहे, कबूल. पण सकाळी आणि दुपारी सारखीच लागू होते.

रुसव्याची व्याख्या करायला मात्र आम्हाला तीन आठवडे लागले. पहिला मसुदा होता, ‘नकारानंतर तोंड फिरवणे’. पण तोंड तर कंटाळलेलं मूलही फिरवतं. मग ओठ, हनुवटी, हाताची घडी असे तपशील घातले, तरी दोन कोडरचं, म्हणजे कोड लावणाऱ्या दोघींचं, जुळेना. शेवटी एका सेविकाताईंनी सहज म्हटलं, “अहो, रुसलेलं पोर लांब जात नाही. गेलं तर मनवणार कोण?” तेव्हा व्याख्या जमली: ‘वस्तू, जागा किंवा खेळ नाकारला गेल्यावर ५ सेकंदांच्या आत शरीर किंवा चेहरा दुसरीकडे वळवणे, किमान ३ सेकंद तसेच राहणे, आणि समोरच्याच्या नजरेच्या टप्प्यातून बाहेर न जाणे’. शेवटचा तुकडा ताईंचा. त्यानंतर कोडर जुळायला लागले.

म्हणजे भाषा सोडायची नसते. ‘रुसली’ हा शब्द कुठे शोधायचं हे सांगतो, आणि काय मोजायचं ते डोळ्यांना दिसेल असं लिहावं लागतं.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेत १९२० च्या दशकात विद्यापीठांना जोडलेल्या बालशाळा निघाल्या आणि तिथे ती रुळली. मिल्ड्रेड पार्टन यांनी बालशाळेतल्या मुलांना एका वेळी एकेक मिनिट बघून त्यांचा सहभाग सहा प्रकारांत मांडला: नुसतं असणं, एकट्याने खेळणं, बघत राहणं, शेजारी बसून समांतर खेळणं, मिसळून खेळणं आणि मिळून खेळणं. तो निबंध १९३२ चा. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे सहा प्रकार वयाच्या पायऱ्या असल्यासारखे शिकवतात. ते अर्धवट आहे. १९८० मध्ये बेकमन आणि ब्राउनली यांनी खेळाचा क्रम मांडून दाखवलं की समांतर खेळ हा पुष्कळदा गटात शिरायचा दरवाजा असतो. मूल आधी शेजारी जाऊन बसतं, तसंच काहीतरी करायला लागतं, आणि थोड्या वेळाने आत असतं. कुठल्याही बालवाडीत अर्धा तास बसा, दिसेल.

१९३४ मध्ये हेलन डॉ यांनी बालशाळेतली २०० भांडणं घडतील तशी टिपली. सरासरी भांडण अर्ध्या मिनिटाच्या आत संपत होतं, आणि बहुतेक मुलं आपसातच मिटवत होती. पालकसभेत हे मी हटकून सांगते.

आणि १९६१ चा अल्बर्ट बँडुरा यांचा बाहुलीचा प्रयोग. मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला मारताना पाहिलं की मुलंही मारतात, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यामागचं कोडिंग कुणी वाचत नाही. एकतर्फी काचेमागून प्रत्येक मुलाची २० मिनिटं ५-५ सेकंदांच्या तुकड्यांत पाहिली होती, म्हणजे दर मुलामागे २४० नोंदी. मुलं होती ७२. त्यातल्या निम्म्या मुलांसाठी दुसरा निरीक्षक स्वतंत्रपणे नोंदी करत होता. प्रयोगाचं नाव झालं, पण तो टिकला तो या कंटाळवाण्या कामावर.

आपल्याकडे बघण्याची परंपरा नव्हती असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या अंगणात जाऊन शाळा उभी केली ती आधी मुलं बघूनच. ‘अंगणवाडी’ ही कल्पनाच तिथली. मोजणीचा तक्ता तेवढा त्या बघण्याला जोडलेला नव्हता.

दर दहा सेकंदांनी खूण करायची की घटना घडली की करायची?

जे वागणं वारंवार होतं किंवा लांबतं (इकडेतिकडे फिरणं, एकट्याने खेळणं) त्यासाठी ठराविक वेळेचे तुकडे. जे क्वचित घडतं (चावणं, समजूत काढणं) त्यासाठी घटना. दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांनी चावण्याची वाट बघत बसलात तर आठवडाभर रिकामे चौकोन भरत बसाल.

तुकड्यांमध्ये एक फसगत आहे आणि विद्यार्थी दरवर्षी त्यात सापडतात. ‘तुकड्यात एकदा जरी झालं तरी खूण’ असा नियम असेल, आणि एखादं मूल दर दहा सेकंदांत फक्त एक सेकंद अंगठा चोखत असेल, तर तुमच्या तक्त्यात ते मूल पूर्ण वेळ अंगठा चोखतंय. खरं प्रमाण एक दशांश. ‘पूर्ण दहा सेकंद केलं तरच खूण’ असा नियम केला तर तेच मूल अंगठा कधीच चोखत नाही. एकूण किती वेळ गेला हे हवं असेल तर घंटी वाजली त्या क्षणी काय चाललंय तेवढंच लिहा. यात छोट्या घटना निसटतात, पण प्रमाण सरळ राहतं. आम्ही कानात इअरफोन घालतो, त्यात दर दहा सेकंदांनी टिक वाजते. मुलं समजतात आम्ही गाणी ऐकतोय. एकाने मागितलाही होता.

परदेशी तयार कोड-यादी आहे. तीच वापरू का?

वाचा, शिका, पण जशीच्या तशी लावू नका.

पार्टन यांच्या यादीत ‘बघत राहणारं मूल’ असा एक प्रकार आहे. आमच्या एका अंगणवाडीत पाच वर्षांची मुलगी रोज कडेवर धाकटा भाऊ घेऊन खेळाच्या कडेला उभी असायची. यादीप्रमाणे ती ‘बघत राहणारी’. प्रत्यक्षात ती ड्युटीवर होती. आई शेजारच्या मळ्यात द्राक्षं काढायला गेलेली, भाऊ हिच्याकडे. तो झोपला की ती त्याला सतरंजीच्या कोपऱ्यात ठेवायची आणि पुढच्या दहा सेकंदांत खेळाच्या मधोमध असायची. तिच्यासाठी चौकोनच नव्हता. आम्ही ‘भावंड सांभाळणे’ हा वेगळा कोड केला.

मेरी एन्सवर्थ यांची ‘अनोळखी परिस्थिती’ ही चाचणीही अशीच. साधारण वर्षाच्या बाळासाठी आठ छोटे भाग, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे: आई बसते, अनोळखी बाई येते, आई जाते, परत येते. परत आलेल्या आईकडे बाळ कसं वागतं यावरून त्याच्या आईशी असलेल्या जवळिकीची वर्गवारी. आता वाड्यातलं किंवा एकत्र कुटुंबातलं बाळ घ्या, जे आजीकडून काकूकडे आणि काकूकडून शेजारणीकडे जातं. त्याला ‘अनोळखी’ म्हणजे कोण? आणि जे जन्मापासून कधी एकटं राहिलेलंच नाही, त्याच्यासाठी रिकाम्या खोलीतली तीन मिनिटं म्हणजे काय? १९८० च्या दशकात जपानमध्ये ही चाचणी केली तेव्हा आईला टाळणारी बाळं जवळपास सापडलीच नाहीत, आणि रडून न शांत होणारी जास्त निघाली. तिथल्या आया बाळाला दूर ठेवतच नसत, त्यामुळे चाचणी जास्तच कठोर ठरली, असं स्पष्टीकरण पुढे आलं. आपल्या गल्लीतही ते पटतं.

नजरेचंही तेच. मोठ्यांनी विचारल्यावर खाली बघणाऱ्या मुलाला काही याद्या ‘टाळणे’ हा कोड देतात. नाशिकमध्ये त्याला ‘वळण’ म्हणतात.

भाषेमुळे कधी चूक झाली आहे का?

झाली आहे, आणि माझ्याच देखरेखीखाली. अंबडला कारखान्यात कामाला आलेलं मालेगावकडचं एक कुटुंब, त्यांचा साडेतीन वर्षांचा मुलगा. चेंडू पोटाशी धरून तो जो येईल त्याला सांगायचा, “मना शे.” आमची कोडर पुण्यात वाढलेली. तिने ‘मना’ ऐकलं, ‘मनाई’ समजली आणि ‘तोंडी नकार’ हा कोड लावत गेली. अकरा ठिकाणी. अहिराणीत ‘मना शे’ म्हणजे ‘माझा आहे’. आमच्या यादीत तो ‘मालकी सांगणे’, आणि आमचा अख्खा प्रश्नच हा होता की मुलं वस्तू राखताना नकार देतात की हक्क सांगतात. व्हिडिओ बघताना मदतनीस ताईंचं लक्ष गेलं आणि त्या हसायला लागल्या, म्हणून कळलं.

नाशिक जिल्ह्यात बागलाण-मालेगावकडे अहिराणी, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा आणि इतर आदिवासी बोली, शहरात मराठीबरोबर हिंदी. घरची भाषा कोणती हा रकाना आता आमच्या फॉर्मवर पहिला आहे, आणि ती बोली येणारं एक तरी माणूस टीममध्ये असल्याशिवाय आवाजाचे कोड लावत नाही.

एकाच व्हिडिओला दोन-दोन कोडर कशाला? वेळ वाया जातो.

एकटा माणूस स्वतःशी नेहमीच सहमत असतो, म्हणून.

आणि नुसती टक्केवारी सांगू नका. विद्यार्थी अभिमानाने सांगतात, “मॅडम, ९४ टक्के जुळलं!” कोड कोणता? ‘मारणे’. बरं, हिशोब मांडू. शंभर तुकडे आहेत. दोघींनीही प्रत्येकी पाच ठिकाणी ‘मारणे’ लावलंय. दोनच ठिकाणी दोघींचं एक झालं, तीन पहिलीची वेगळी, तीन दुसरीची वेगळी. उरलेल्या ९२ तुकड्यांत दोघींनी ‘नाही’ लिहिलं. सहमती ९४ टक्के. पण मारणं इतकं क्वचित आहे की दोघींनी डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी ९०.५ टक्के जुळलंच असतं. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला ‘कप्पा’ (kappa) हा आकडा ही नशिबाची सहमती वजा करतो. इथे तो येतो सुमारे ०.३७ (पूर्ण जुळलं तर १). ज्यासाठी आपण बसलो होतो त्या दहा खुणांपैकी फक्त चार (दोन अधिक दोन) एकमेकींशी जुळल्या, हे ९४ टक्क्यांनी झाकून टाकलं होतं.

कप्पा किती हवा? १९७७ च्या लँडिस आणि कॉख यांच्या तक्त्यात ०.६१ ते ०.८० ला ‘भरीव’ आणि त्यावर ‘जवळपास पूर्ण’ म्हटलंय. ती रेघ त्यांनी स्वतःच्या अंदाजाने ओढलेली आहे, ती वेदवाक्य नाही. आम्ही ०.७० च्या खाली आलेला कोड थांबवतो आणि दोघींना समोरासमोर बसवतो. दोघींमध्ये चूक कोणाची हे आम्ही विचारत नाही. व्याख्येतला कोणता शब्द दोघींनी वेगळा वाचला, ते शोधतो. ‘ढकलणे’मध्ये खांद्याने सरकवून जागा करणं येतं का? रांगेत उभी राहिलेली आपली मुलं तसं दिवसभर करतात. आमच्या वहीतले सगळे चांगले नियम अशा भांडणांतून आलेत.

एकदा सहमती आली की काम झालं ना?

नाही. कोडर हळूहळू घसरतात. सुरुवातीला व्याख्या बघून कोड लावतात, दोन महिन्यांनी आठवणीतून, आणि जोडीने काम करणारे तर एकमेकांसारखेच घसरतात, म्हणजे सहमती छान आणि दोघेही मूळ व्याख्येपासून लांब. शिवाय तपासणी होतेय हे माहीत असेल तर माणूस नीट वागतो. जॉन रीड यांनी १९७० मध्ये हेच दाखवलं: कुणी तपासत नाही असं वाटलं की निरीक्षकांची अचूकता ठळकपणे खाली येते. आम्ही दर पाच व्हिडिओंपैकी एक दुसऱ्याकडूनही कोड करून घेतो. तो कोणता, हे मी सांगत नाही. टीम मला याबद्दल जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अभ्यासाचा अंदाज कोडरला न सांगणं हेही त्यातलंच. १९६३ मध्ये रोझेंथाल आणि फोड यांनी विद्यार्थ्यांना उंदीर दिले. काहींना सांगितलं तुमचे हुशार, काहींना सांगितलं तुमचे मंद. उंदीर सगळे सारखेच होते, पण ‘हुशार’ उंदीर चक्रव्यूहात सरस ठरले. उंदरांचं असं होतं, तर “हा खासगी शाळेतला आणि तो झेडपीचा” हे माहीत असलेल्या कोडरचं काय होत असेल?

तुम्ही कोपऱ्यात बसलात की मुलं वेगळी वागत नाहीत?

पहिले दोन-तीन दिवस वागतात. येऊन वही बघतात, पेन मागतात, “तू कोणाची आई?” विचारतात. म्हणून पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी आम्ही धरतच नाही. नुसतं बसायचं, भिंतीसारखं: हसायचं नाही, रागवायचं नाही, तक्रार आली तर “ताईंना सांग” एवढंच. चौथ्या दिवशी मुलांसाठी तुम्ही कपाटाइतक्या महत्त्वाच्या असता.

मोठ्यांचं तसं नसतं. तीन आठवडे झाले तरी काही ठिकाणी आम्ही उंबरा ओलांडला की बडबडगीत सुरू व्हायचं. सेविकांचा दोष नाही. हातात वही घेऊन आलेला माणूस त्यांच्या नोकरीत नेहमी तपासणीलाच येतो. आम्ही आता पहिल्या दिवशी कोरा फॉर्म त्यांच्या हातात देतो आणि त्यांनाच दहा मिनिटं कोड लावायला सांगतो.

कोणत्या महिन्यात येता?

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या हंगामाच्या आधी किंवा ऐन हंगामात, पण दोन्ही मिसळून नाही. हंगामात पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं कामाला उतरतात, पटावरची आणि सतरंजीवरची मुलं बदलतात, आणि मग ‘मुलं शांत झाली’ म्हणजे मुलंच दुसरी होती, असं निघतं.

मोबाइलवर शूट केलं तर चालेल?

चालतं, आणि पुन्हा पुन्हा बघता येतं म्हणून चांगलंही. अटी कडक आहेत. फोन कामाचा, स्वतःचा नाही. आपोआप क्लाउडवर जाणारा बॅकअप बंद. त्याच संध्याकाळी कुलूप लावलेल्या हार्डडिस्कवर, आणि फोनमधून काढून टाकायचं. नावांऐवजी क्रमांक, नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कपाटात. व्हॉट्सअॅपवर एकही क्लिप नाही, “किती गोड आहे बघ” म्हणूनही नाही. यावरून मी एका हुशार मुलीला प्रकल्पातून काढलं आहे, आणि पुन्हा काढेन.

परवानगी कुणाकुणाची लागते?

आधी संस्थेच्या नीतिसमितीची. मग अंगणवाडी असेल तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची लेखी, बालवाडी असेल तर संस्थाचालकांची. मग प्रत्येक पालकाची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलांचा लेखी होकारही घ्यायचा असतो. वाचता न येणाऱ्या पालकाला फॉर्म समजावून सांगताना तिसरा, आमच्याशी संबंध नसलेला साक्षीदार बसवतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालचं प्रत्येक जण ‘मूल’ आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मुळात धरली आहे.

चार वर्षांच्या मुलाला फॉर्म नाही. पण त्याने पाठ फिरवली, कॅमेऱ्यावर हात ठेवला किंवा “जा” म्हटलं, तर आमच्यासाठी तो नकार असतो. त्या दिवशी ते मूल सोडून द्यायचं.

मुलं मारामारी करताना तुम्ही नुसतं बघता?

ढकलाढकलीत मध्ये पडत नाही, ताई असतात. इजा होईल असं दिसलं, की वही खाली. तो तुकडा ‘निरीक्षकाचा हस्तक्षेप’ म्हणून बाद होतो, बस.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर प्रश्न संशोधनाचा राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संमतीपत्रात आम्ही हे आधीच लिहितो: सगळं गुप्त राहील, हे सोडून. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक फॉर्मच्या मागे छापलेला आहे.

माझी मुलगी एकटीच खेळते असं तुमच्या कागदावर दिसलं म्हणे. काही प्रॉब्लेम आहे का?

आमच्या कागदावरून हे ठरवता येत नाही, आणि कुणी ठरवून सांगत असेल तर ऐकू नका. आम्ही तिला पाच दिवस, दिवसाला काही मिनिटं, एका खोलीत पाहिलं. एकट्याने मन लावून खेळणं हे दुखणं नाही. पण हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवत नाही, येत असलेले शब्द गेले, असं काही तुम्हाला घरी दिसत असेल तर आमची वाट बघू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. तिथे सांगा, किंवा थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा.

सॉफ्टवेअर कोणतं वापरता?

ईलान, नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लँक संस्थेचं, आणि बोरिस, इटलीतल्या ट्युरिन विद्यापीठातलं. दोन्ही फुकट. बोलण्याचे कोड असतील तर ईलान, घटनांची सुरुवात-शेवट हवी असेल तर बोरिस सोपं. पहिले दोन आठवडे मात्र कागदच. संगणकावर बटण दाबायची इतकी घाई होते की व्याख्या वाचायची राहून जाते.

हे सगळं एआयकडून करून घेता येणार नाही?

कोण किती हललं, कोणाच्या किती जवळ बसलं, एवढं यंत्र बरं मोजतं. रुसव्याचा शेवटचा तुकडा, नजरेच्या टप्प्यातच थांबणं, हे त्याला आम्ही अजून शिकवू शकलेलो नाही. आणि मुलांचे व्हिडिओ दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवायचे की नाही, हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

मला कोडर व्हायचंय. किती दिवस लागतात, आणि काय आणू?

आठ-दहा कोडांची यादी असेल तर तीन ते चार आठवडे. दहा मिनिटांच्या व्हिडिओला सुरुवातीला दोन तास लागतात, सवय झाली की तासभर. एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त कोडिंग मी करू देत नाही, कारण तिसऱ्या तासाला सगळीच मुलं सारखी दिसतात. मानसशास्त्राची पदवी असेल तर चांगलं, नसेल तरी चालतं. आमची सगळ्यात नेमकी कोडर आधी शिवणकाम करायची.

पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला या, साधे कपडे, बांगड्या किंवा किल्ल्यांचा आवाज नको, आणि पेन दोन आणा. एक मुलं घेतात.